अंगणातले आठकोनी टेबल : घरच्या घरी कसे कराल?



आपल्या रेडिओवरच्या कार्यक्रमात अंगणात मांडायच्या आठकोनी लाकडी टेबलाची माहिती सांगितली होती. पण मापाचे आकडे कानावरून निघून जातात. इंच लिहून घेईतो सूत राहून जाते. म्हणून तीच माहिती नीट मापासकट या पत्रिकेत छापून देत आहोत. ही पत्रिका जपून ठेवा आणि काम काढाल त्या दिवशी आपल्या सुतारदादाच्या हातात द्या.

टेबल कशाला?

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला टेबल कशाला? आपण जमिनीवर पाट टाकून जेवणारी माणसं. खरं आहे. पण न्हावा आणि शेवा या गावांच्या परिसरात गेल्या पन्नास वर्षांत काय काय बदलले, ते तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहे? भातखाचरे आणि मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघरच्या भूमीवर लढा झाला आणि त्यात पाच जण हुतात्मे झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली.

म्हणजे मुंबईचा माणूस आता आपल्या दारात आला. उरण, चिरनेर, पनवेलच्या बाजूला ज्यांच्याकडे घरापुढे चार-दोन गुंठे आणि आंब्या-चिंचेची सावली उरली आहे, त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात. थंडीत पोपटी मागतात, तांदळाची भाकरी मागतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० साली आले. या पाहुण्यांतल्या वयस्कर माणसांना मांडी घालून बसता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या घरच्या आजी-आजोबांनाही गुडघ्यामुळे बसता येत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एका उन्हाळ्यात तडकतात. तेव्हा एकदा नीट केलेले लाकडी टेबल घरालाही उपयोगी आणि धंद्यालाही.

आठच कोन का?

गोल टेबल दिसायला छान, पण फळी गोल कापताना लाकूड वाया जाते आणि गोल बाक करणे सोपे नाही. चौकोनी टेबलाला कोपरे आडवे येतात. आठकोनीला सगळे काप सरळ. साध्या करवतीने होतात. बसणाऱ्या प्रत्येकाला २० इंचांची एक बाजू मिळते, मधल्या मडक्यापर्यंत सगळ्यांचा हात सारखा पोचतो आणि वरची जागा, खालची जागा असा प्रकार राहत नाही. पाहुणा असो की गडी, सगळे एका ओळीत.

आठ कोन आपल्याकडे नवेही नाहीत. सातारा जिल्ह्यात लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहा, अष्टकोनी आहे. दगडात आठ कोन साधणाऱ्यांच्या मुलखात लाकडात ते जमणार नाहीत असे कसे होईल?

लाकूड कोणते घ्याल?

साग उत्तम, पण महाग. फणस चांगला. बाभूळ मजबूत, पण रंध्याला कठीण. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण उघड्यावर टिकत नाही, त्याला भुंगा लवकर लागतो. कोणतेही लाकूड ओले घेऊ नका. ओली फळी स्क्रू मारल्यावर वाळते, पिळवटते आणि सांधा उघडा पडतो.

आपल्या बांधावरचे झाड असले तरी कुऱ्हाड घालण्याआधी विचारा. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडे त्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खाडीकाठच्या तिवराला तर हातच लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच तिवरे तोडण्यास मनाई केली आहे. आणि तिवरे गेली की आपल्याच खारबंदिस्तीवर भरतीचा मार बसतो.

आपल्या भागात एक लाकूड जवळ मिळते, ते म्हणजे बंदरातून येणारे. परदेशी माल लाकडी पॅलेटवर आणि पेट्यांत बांधून येतो. माल उतरला की ती लाकडे भंगारात आणि वखारीत विकायला येतात. बहुतेक पाईनचे असते. हलके, सरळ रेषांचे, रंध्याला मऊ. टेबलाच्या फळ्यांना चालते. पण घेताना डोळे उघडे ठेवा. इथेच पुष्कळांची चूक होते.

पॅलेटवर शिक्का असतो. त्यात गव्हाच्या लोंबीसारखी खूण, देशाची दोन इंग्रजी अक्षरे, काही आकडे आणि शेवटी आणखी दोन अक्षरे असतात. ही शेवटची दोन अक्षरे वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोराला बोलवा.

अक्षरे एच आणि टी असतील तर ते लाकूड तापवलेले आहे. आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास दिली, की लाकडातली कीड मरते. यात औषध नाही. हे लाकूड घ्यावे.

अक्षरे एम आणि बी असतील तर त्या लाकडाला मिथिल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. वायू पुष्कळसा उडून जातो हे खरे, पण ज्यावर ताट ठेवायचे, ज्यावर लेकरू बसायचे, त्या फळीला हे लाकूड नको. दुसरे मिळत असताना धोका कशाला?

शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचा, रसायनाचा डाग असेल, नाकाला उग्र वास येत असेल, तर फुकट दिले तरी घेऊ नका. त्या पॅलेटवरून कसला माल आला, ते आपल्याला कोण सांगणार? घेतलेल्या लाकडाची पावती मात्र आठवणीने मागा. पावती नसलेले लाकूड चोरीचे निघाले तर निस्तरावे तुम्हाला लागेल.

भगिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. असल्या डागाळलेल्या, रंगवलेल्या किंवा धुरीच्या लाकडाचे तुकडे चुलीत घालू नका आणि पोपटीच्या जाळाला तर मुळीच वापरू नका. त्याचा धूर तुमच्या छातीत जातो आणि राख मडक्यावर बसते. पोपटीला आपला पालापाचोळा आणि साधी काटकीच बरी.

सामान किती लागेल?

आठ सूत म्हणजे एक इंच, हे सुतारदादाला सांगायला नको. पुढील मापे ४ फूट रुंदीच्या टेबलाची आहेत. बाकांसकट सारे मिळून साडेसहा फूट जागा व्यापते. भोवती फिरायला आणखी तीन-तीन फूट सोडा.

१) तुळया : २ इंच × ४ इंच, लांबी ६ फूट ४ इंच – ४ नग
२) उंच पाय : ३ × ३ इंच, लांबी २८ इंच – ४ नग
३) आखूड पाय : ३ × ३ इंच, लांबी १६ इंच – ८ नग
४) ठोकळे : २ × ४ इंच, लांबी १ फूट – ८ नग
५) टेबलाखालच्या आडपट्ट्या : २ × ३ इंच, लांबी ४६ इंच – २ नग
६) टोकाच्या पट्ट्या : १ × ३ इंच, लांबी २ फूट – २ नग
७) टेबलाच्या फळ्या : १ इंच जाड, ४ फूट लांब – रुंदीप्रमाणे दहा-अकरा
८) बाकाच्या फळ्या : दीड इंच जाड, पावणेपाच इंच रुंद, ३३ इंच लांब – १२ नग
९) तीन सुती बोल्ट : ६ इंची १२ आणि ८ इंची १६, नट आणि दोन्हीकडच्या वायसरसह, शिवाय स्क्रू

तुळया आणि पाय चांगल्या, जड लाकडाचे घ्या. पॅलेटचे लाकूड फक्त फळ्यांना वापरा. कारण सारे वजन तुळया आणि पाय पेलतात. फळी पुढेमागे बदलता येते, तुळई बदलायची म्हणजे सारे टेबल सोडावे लागते. बोल्ट-स्क्रू जस्त चढवलेले किंवा न गंजणारे घ्या. आपल्याकडे खाडीचा वारा आहे. साधे लोखंड दोन पावसाळ्यांत फुगते आणि लाकूड आतून फाडते.

आठकोन कसा आखाल?

पुष्कळांना वाटते की इथे कोनमापक लागतो. नाही लागत. एक दोरी आणि चुना पुरे.

अंगणात सपाट जागी ४८ इंचांचा चौकोन आखा. काटकोन तपासायला ३-४-५ ची रीत तुम्हाला घराच्या पायामुळे ठाऊकच आहे. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, म्हणजे ६७ इंच ७ सूत भरले, तर चौकोन बरोबर. कर्ण जिथे एकमेकांना छेदतात तो मध्य.

आता दोरीचे एक टोक चौकोनाच्या कोपऱ्यावर धरा आणि दुसरे मध्यावर आणा. एवढीच दोरी घेऊन, कोपरा न सोडता, त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंवर एक एक खूण करा. असे चारही कोपऱ्यांवरून केले की आठ खुणा होतात. शेजारच्या खुणा रेघेने जोडा. चार कोपरे तिरके कापले गेले आणि आठकोन तयार. या रीतीला आकडाच लागत नाही. चौकोन केवढाही घ्या, आठकोन बरोबरच येतो. पॅलेटची फळी १२०० मिलीमीटर, म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच भरली, तर चौकोन तेवढाच धरा आणि दोरी फिरवा. फळ्या मात्र पुढे सांगितलेल्या जागीच बसवा.

ज्यांना आकडा हवा त्यांनी ७-१०-७ एवढे पाठ करावे. चौकोनाच्या बाजूचे २४ भाग करा. ७ सोडा, १० ठेवा, ७ सोडा. आपल्या ४८ इंचांत १४, २०, १४ इंच. दोरीच्या रीतीपेक्षा एखाद-दीड सुताचा फरक पडतो, पण टेबलाला तो जाणवत नाही.

आखलेल्या आठही रेघा बाहेरच्या बाजूला फूटभर वाढवून ठेवा. पुढे फळ्या कापताना उपयोगी पडतील. आखणी पुसू देऊ नका आणि कोंबड्या-बकऱ्या त्या दिवशी बांधून ठेवा!

चौकट आणि पाय

आता मुख्य काम. इथे घाई करू नका, कारण टेबल उलटण्याचे कारण इथेच असते.

आमच्या माहितीतल्या एका घरी असेच आठकोनी टेबल केले होते. मधे चार पाय आणि तुळयांच्या टोकांवर बाक अधांतरी. दिसायला सुबक. पाहुणे जेवून उठले, एका बाजूचे दोघे आधी उठले आणि समोरच्या बाजूला तिघे बसून राहिले. टेबल वजनाच्या काट्यासारखे तिकडे कलले. गरम आमटीचे पातेले एका बाईंच्या पायावर आले. पाय भाजला, महिनाभर घरात बसावे लागले. चूक बसणाऱ्यांची नव्हती. मधल्या पायांपासून बाक दीड-पावणेदोन फूट बाहेर. तिथे दोन माणसे बसली की टेबलाचे स्वतःचे वजन पुरत नाही. म्हणून आपल्या मापात तुळयांच्या आठही टोकांना आखूड पाय दिले आहेत. सुतार म्हणेल, एवढे पाय कशाला, लाकूड जास्त जाते. तरी ते गाळू नका.

चार तुळया घ्या. प्रत्येकीवर टोकापासून २३ आणि २५ इंचांवर खुणा करा. दुसऱ्या टोकाकडूनही तशाच. या दोन इंचांच्या जागी तुळईच्या निम्म्या जाडीची, म्हणजे २ इंच खोल खाच पटाशीने काढा. दोन तुळयांची खाच वरून, दोघींची खालून. मग दोन दोन जोड्या एकमेकींत बसवल्या की गंजिफ्याच्या पेटीसारखी मधे चौकोनी चौकट होते आणि बाहेर आठ टोके निघतात. मधल्या चौकोनाचे आतले माप २६ इंच भरले पाहिजे.

त्या चौकोनाच्या चार आतल्या कोपऱ्यांत चार उंच पाय उभे करा. तुळईचा माथा जमिनीपासून १६ इंचांवर ठेवा, ओळंबा लावा आणि प्रत्येक पायाला दोन्ही तुळया ६ इंची बोल्टने आवळा. दोन बोल्ट एकाच उंचीवर घेतले तर पायाच्या आत एकमेकांवर आदळतील. एक दीड इंच वर, एक खाली घ्या. भोके गिरमिटाने पाडा. बोल्ट हातोडीने ठोकून घातला तर लाकूड चिरते.

आता तुळईच्या प्रत्येक टोकापाशी आतल्या अंगाला आखूड पाय आणि बाहेरच्या अंगाला ठोकळा धरा. पायाचा मध्य तुळईच्या टोकापासून साडेपाच इंच आत, ठोकळा टोकाबरोबर. ठोकळा, तुळई आणि पाय, तिन्हींतून ८ इंची दोन बोल्ट आरपार घाला, एक वर, एक खाली, तिरक्या रेषेत. तिघांचे माथे एका पातळीत असावेत. ठोकळा कशाला, तर सरळ बाकाचे टोक तुळईवर आणि आतल्या पायावर टेकते, पण तिरक्या बाकाचे टोक थोडे बाहेर येते. ते या ठोकळ्यावर टेकते.

टेबलाचा माथा

दोन आडपट्ट्या चुन्याच्या आखणीवर अशा ठेवा की त्यांचे बाहेरून बाहेर अंतर २० इंच येईल, म्हणजे टेबलाच्या एका बाजूएवढेच. हे माप चुकवू नका. कडेची शेवटची फळी कापल्यावर बाहेरून फक्त २० इंच उरते. पट्ट्या याहून लांब गेल्या तर तिला आधारच राहणार नाही.

पट्ट्यांवर आडव्या फळ्या मांडा. दोन फळ्यांमध्ये दोन सुताची फट सोडा. पावसात फळी रुंदीकडे फुगते. फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून वर उचलतात. शिवाय सांडलेले पाणी फटीतून निघून जाते. मधल्या फळ्या पुऱ्या लांबीच्या हव्यात. कडेला मात्र आखूड तुकडे खपतात. अगदी कडेची अडीच फूट, तिच्या आतली सव्वातीन फूट असली तरी पुरे. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर दोन स्क्रू. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडा आणि माथा फळीच्या आत बुडवा, नाहीतर ताट लागते, हाताला ओरखडा येतो.

आता आखणीच्या बाहेर वाढवलेल्या रेघांवरून सुतळी ताणा, फळ्यांवर खूण उमटवा आणि आधी चार तिरके कोपरे कापा. मधल्या फळ्यांच्या दोन्ही टोकांखाली, टोकापासून चार इंच आत, दोन फुटी पट्टी खालून मारा. म्हणजे टोकाला कुणी कोपर टेकून बसले तरी एकटी फळी वाकत नाही. कडा रंध्याने गोल मारा. लहान मुलाचे डोके नेमके त्याच उंचीला येते.

माथा उचलून उंच पायांवर ठेवा. आडपट्ट्या पायांच्या आतल्या अंगाला बसतात. चार ६ इंची बोल्ट घातले की झाले. हेच चार बोल्ट काढले की माथा अख्खा उचलता येतो.

बाक

एकूण बाजू आठ, पण बाक सहाच करा. समोरासमोरच्या दोन सरळ बाजू, म्हणजे एकाच जोडीच्या दोन तुळयांच्या टोकांमधल्या बाजू, मोकळ्या सोडा. आठही बाजूंना बाक केले तर आत शिरायला बाक ओलांडावा लागतो. लुगड्यातल्या म्हातारीने आणि काठी घेतलेल्या आजोबांनी कुठून जायचे? मोकळ्या बाजूने शिरून सरकत बसता येते आणि तिथेच खुर्ची टाकली की आठ जणांची पंगत पुरी होते. चाकाच्या खुर्चीवरचे माणूसही तिथे येऊ शकते. वाढणाऱ्यालाही ती वाट सोयीची.

प्रत्येक बाकाला दोन फळ्या, मधे चार सूत फट, मिळून रुंदी १० इंच. बाकाची आतली कड २४ इंच आणि बाहेरची ३२ इंच २ सूत. म्हणजे बाहेरच्या कडेपेक्षा आतली कड दोन्ही टोकांना ४ इंच १ सूत आत घ्या आणि ती खूण तिरकी जोडून कापा. इथेही कोनमापक नको. पहिला बाक नीट कापा, तोच साचा म्हणून बाकीच्या पाचांवर ठेवून आखा. दरवेळी नव्याने मोजले की प्रत्येकात एक सूत चुकते आणि शेवटचा सांधा बोटभर उघडा राहतो.

टेबलाच्या काठापासून बाकाची आतली कड पाच इंच लांब ठेवा. जवळ आली तर पोट अडते, लांब गेली तर घास कपड्यावर सांडतो. फळीची जाडी धरून बाक साडेसतरा इंच उंच आणि टेबल २९ इंच उंच होते. बाकावर सरळ बसले की कोपर सहज टेबलावर टेकते.

जागा, वाळवी आणि पाऊस

बारा पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगणार, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा सिमेंटचा ठोकळा बसवा आणि पाण्याच्या नळीने सगळ्यांची पातळी एक करा. दगडाचा माथा जमिनीच्या चार बोटे वर असू द्या. याने दोन कामे होतात. पाय ओल्या मातीत राहत नाही आणि वाळवी चढू लागली तर दगडावर तिची मातीची वाट लगेच दिसते. दिसली की झटकून टाका आणि तिचा माग काढा.

वाळवीला आपल्याकडे हलके समजू नका. बंदरासाठी शेव्याहून उठलेली कोळी कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसली. तिथे घरांना वाळवी लागली आणि त्या लोकांना वर्षानुवर्षे दुसऱ्या जागेसाठी झगडावे लागले. जिथे घराचे वासे राहत नाहीत तिथे टेबलाचा पाय काय राहणार? आणि शिक्क्यावर एच-टी असले म्हणजे वाळवी लागत नाही, असा समज करून घेऊ नका. तापवल्याने आधीची कीड मेलेली असते, नव्या किडीला मनाई झालेली नसते.

पायांच्या तळांना आणि तळापासून वर चार बोटे डांबर लावा. बाकी लाकडाला जवसाचे तेल फडक्याने पाजा. एक हात वाळला की दुसरा. इंजिनाचे जळके तेल टेबलाच्या माथ्याला आणि बाकांना लावू नका. ते कपड्याला आणि अन्नाला लागते. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला चांगले, पण अंगाला लागले तर कातडी सोलते. ते लावायचेच तर खालच्या तुळयांना, आणि तेही हात झाकून. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

मृगाच्या आधी चार बोल्ट काढून माथा पडवीत उभा करून ठेवा आणि चौकटीवर झाकण घाला. दसऱ्याला पुन्हा मांडताना सगळे नट एकदा आवळा, सैल स्क्रू बदला, तेलाचा एक हात द्या. बैलाच्या खांद्याला जसे हळद-लोणी लावायचो, तसेच हे समजा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) ताटाखालच्या फळीला एच-टी शिक्क्याचेच लाकूड. एम-बी, बिनशिक्क्याचे आणि डागाळलेले नको, चुलीतही नको.
२) झाड तोडण्याआधी परवानगी. तिवराला हात नाही.
३) आखणीला दोरी, किंवा ७-१०-७.
४) आठ आखूड पाय गाळू नका.
५) दोन बाजू मोकळ्या.
६) फळ्यांत दोन सुताची फट.
७) पाय दगडावर, माथा पावसाळ्यात पडवीत.

मंडळी, टेबल तयार झाले की पाहुणे बसवण्याआधी एक परीक्षा घ्या. घरातली तीन दणकट माणसे एकाच बाजूच्या तीन बाकांवर बसवा आणि समोरची बाजू रिकामी ठेवा. समोरचा एकही पाय दगडावरून उचलला गेला नाही, तर टेबल पास. उचलला गेला तर बोल्ट आणि दगड पुन्हा तपासा. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि कुणाचा पाय भाजत नाही.

मग घरच्यांना बसवा. पहिली पंगत पाहुण्यांची नको, घरच्या म्हाताऱ्यांची असू द्या. ज्यांनी ही जमीन राखली, त्यांनाच आधी टेकायला जागा मिळू द्या.

काम करताना अडचण आली तर पत्राने कळवा. कार्यक्रमात उत्तर देऊ. राम राम!